मीणा आणि भिल्ल : एक अनुसूची, दोन वास्तवे

(जयपूर येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

२०११च्या जनगणनेनुसार राजस्थानात अनुसूचित जमातींची लोकसंख्या ९२ लाखांहून अधिक आहे. राज्याच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण साडेतेरा टक्के भरते. या लोकसंख्येत मीणा आणि भिल्ल या दोन जमातींचे लोक प्रत्येकी चाळीस लाखांहून अधिक आहेत. म्हणजे राजस्थानातील आदिवासींचा प्रश्न हा मुख्यतः या दोन जमातींचा प्रश्न आहे. कायद्याने दोघांना एकाच अनुसूचीत बसविले आहे, दोघांना एकच सवलती लागू आहेत. परंतु याच जयपूर शहरात सचिवालयात, रेल्वेच्या कचेऱ्यांत, पोलिस आणि प्रशासकीय सेवेत मीणा समाजातील अधिकारी सहज भेटतात. आणि भिल्ल भेटतो तो बहुधा बांधकामावर विटा आणि वाळू वाहताना.

हा फरक कशामुळे पडला, या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात सर्रास मिळतात. भिल्ल हा मुळातच मागासलेला, व्यसनी, शिक्षणाची गोडी नसलेला, हे पहिले उत्तर. मीणांनी भिल्लांच्या तोंडचा घास पळविला, हे दुसरे. पहिले उत्तर जुन्या जागीरदारांचे आणि इंग्रज अंमलदारांचे आहे, दुसरे आजच्या मतपेटीच्या राजकारणाचे आहे. दोन्हींत एक गोष्ट सोयीस्करपणे वगळलेली आहे. ती म्हणजे जमीन. या दोन जमातींचे जमिनीशी असलेले नाते कसे घडले, ते पाहिल्याशिवाय त्यांच्या स्थितीची तुलना करता येणार नाही.

दोघांचीही सत्ता गेली

आज ज्याला आपण जयपूरचा परिसर म्हणतो, त्या ढूंढाड प्रदेशात कछवाह राजपूत येण्यापूर्वी मीणा सरदारांची ठाणी होती. आमेर आणि खोह ही ठिकाणे मीणांकडून घेतली गेली, असे येथील परंपरा सांगते. दक्षिणेकडे मेवाड आणि वागड प्रदेशांत भिल्लांचे पाल होते. मेवाडच्या राजचिन्हावर एका बाजूस राजपूत आणि दुसऱ्या बाजूस भिल्ल उभा आहे. अर्थात राजचिन्हावरील हा मान दरबारापुरताच होता. प्रत्यक्षात सरंजामी राज्यसत्तेने दोन्ही जमातींना आपल्या चाकरीत जुंपले, आणि ती चाकरी दोन ठिकाणी दोन प्रकारची होती.

ढूंढाडच्या सपाट मुलखात मीणांचा एक मोठा भाग नांगरधारी शेतकरी झाला. त्यांना जमीनदार मीणा म्हणत. दुसरा भाग गावाची राखण करणारा, तो चौकीदार मीणा. चोरी झाली की भरपाई चौकीदाराने द्यायची, अशी ही व्यवस्था. पुढे इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याची, १८७१ आणि १९२४ची, छाया या संस्थानावर पडली आणि १९३० साली जयपूर दरबाराने जरायम पेशा कायदा केला. बारा वर्षांवरील मीणा स्त्री-पुरुषांनी ठाण्यावर हजेरी द्यावी, असा त्याचा जाच होता. जो गावाची राखण करीत होता, तोच कायद्याने जन्मजात चोर ठरला. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड राहिलेल्या आपल्याकडील विमुक्त जमातींचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या कायद्याविरुद्ध मीणा संघटित झाले. १९४४ साली नीम का थाना येथे परिषद भरली आणि मीणा सुधार समिती स्थापन झाली. १९४६ साली स्त्रिया आणि मुलांची हजेरी रद्द झाली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला बागावास येथील मेळाव्यात चौकीदार मीणांनी चौकीदारीचे राजीनामे दिले आणि तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा केला. १९५२ साली हा कायदा इतिहासजमा झाला. म्हणजे संस्थान विलीन होण्यापूर्वीच या समाजाला संघटनेचा, अर्जविनंत्यांचा, परिषदांचा आणि प्रतिकाराचा अनुभव मिळालेला होता.

भिल्लांचा लढा याहून जुना आणि अधिक रक्तरंजित आहे. वेठबिगार आणि जाचक कर यांविरुद्ध गोविंद गुरूंच्या नेतृत्वाखाली जमलेल्या भिल्लांवर १७ नोव्हेंबर १९१३ रोजी मानगढच्या टेकडीवर गोळीबार झाला आणि शेकडो माणसे मारली गेली. १९२१ पासून मोतीलाल तेजावत यांनी एकी आंदोलन उभारले. त्यावरही मार्च १९२२ मध्ये गोळ्या चालविण्यात आल्या. तेव्हा भिल्लांना जागृती नव्हती, म्हणून ते मागे राहिले, असे म्हणणाऱ्याने मानगढची टेकडी चढून यावी. जागृती होती, बलिदान होते. लढ्यानंतर हाती जमीन मात्र आली नाही.

जमिनीने घडविलेला फरक

१९५२च्या कायद्याने जागिरी संपविण्यास सुरुवात झाली आणि १९५५च्या राजस्थान कूळ कायद्याने कसणाऱ्याला खातेदारीचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम ४२ने अनुसूचित जातीजमातींच्या खातेदाराची जमीन इतरांना विकण्यास बंदी घातली. जयपूर, दौसा, सवाई माधोपूर या पट्ट्यातील मीणा शेतकऱ्याला या दोन तरतुदींचा एकत्रित लाभ मिळाला. त्याची जमीन सपाट होती, विहिरीला पाणी लागत होते, वहिवाट सिद्ध करता येत होती. १९५६ साली मीणांचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत झाला. जवळून रेल्वे जात होती, राजधानी जवळ होती. घरी दोन पिके निघू लागली तेव्हा एक मुलगा शेतावर ठेवून दुसऱ्यास शाळेत पाठविणे शक्य झाले. राखीव जागेचा लाभ घेण्यासाठी आधी मॅट्रिक व्हावे लागते, आणि मॅट्रिक होण्यासाठी घरात वर्षभराचे धान्य असावे लागते. आरक्षणाने मीणांना वर आणले हे खरे आहे, परंतु त्या पायरीपर्यंत त्यांना जमिनीने पोचविले.

आता डुंगरपूर, बांसवाडा आणि उदयपूरच्या डोंगरांकडे पाहा. येथील भिल्ल ज्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या मका पेरीत होता, त्यांपैकी बरीचशी जमीन कागदोपत्री राजाचे जंगल होती. ती पुढे वनखात्याची झाली, आणि कसणारा अतिक्रमणदार ठरला. ज्या जमिनीचा उताराच नावावर नाही, तिला कलम ४२ कोणते संरक्षण देणार? वनहक्क कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि त्यानंतरही दावे फेटाळले जाण्याचे सत्र संपले नाही. बांसवाड्यात माही नदीवर मोठे धरण १९८३ साली पूर्ण झाले; त्याच्या बुडीत क्षेत्रात आदिवासींची गावे गेली. पावसाचे एक पीक, डोंगराळ तुकडा आणि सावकाराचे देणे, यांतून उरतो तो मार्ग गुजरातचा. अहमदाबाद आणि सुरतची बांधकामे, कपाशीच्या बियाण्याची शेते, यांवर वागडचे मजूर मुकादमाकडून उचल घेऊन जातात. आपल्याकडील ऊसतोड कामगाराची जी उचल, तीच ही. आईबाप स्थलांतरात आणि मूल शाळेत, हे दोन्ही एकत्र कसे नांदणार?

या विवेचनाचा पुरावा खुद्द मीणा समाजातच आहे. उदयपूर आणि प्रतापगढच्या डोंगरांत मीणा मोठ्या संख्येने राहतात. त्यांचे नाव तेच, अनुसूची तीच, सवलती त्याच. परंतु त्यांचे जीवन दौशाच्या मीणा शेतकऱ्यासारखे नसून शेजारच्या भिल्लासारखे आहे. फरक जातीच्या गुणांत असता, तर असे घडले नसते. स्त्रियांची स्थितीही ध्यानात घ्या. २०११ साली राजस्थानातील अनुसूचित जमातींची साक्षरता ५२.८ टक्के होती आणि स्त्रियांची ३७.३ टक्के. पुढे गेलेल्या समाजातील स्त्रीही त्याच गतीने पुढे गेलेली नाही.

सागडी, कमैया आणि क्रीक

हे केवळ राजस्थानात घडलेले नाही. ठाणे जिल्ह्यातील वारली लग्नासाठी कर्ज काढून सावकाराचा लग्नगडी होत असे. १९४५ साली कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तो उठला, तो याच दास्याविरुद्ध. राजस्थानात अशा कर्जगड्याला सागडी म्हणत; ही प्रथा बंद करणारा कायदा १९६१ साली झाला. नेपाळच्या तराईत त्याचे नाव कमैया. तेथील थारू लोक मलेरियाच्या जंगलात राहून जमीन कसत होते. १९५०च्या दशकात मलेरिया निर्मूलन सुरू झाले, तसे डोंगरावरून कागदपत्रांचे ज्ञान असलेले लोक आले, जमिनी त्यांच्या नावे नोंदल्या गेल्या आणि असंख्य थारू आपल्याच भूमीवर कर्जाचे गडी झाले. १७ जुलै २००० रोजी नेपाळ सरकारने कमैया प्रथा रद्द केली. परंतु मालकांनी मुक्त झालेल्या कुटुंबांना घराबाहेर काढले आणि ती छावण्यांत येऊन पडली. जमिनीविना मिळालेली मुक्ती ही अशी असते.

अमेरिकेतील क्रीक लोकांचे उदाहरण याच्या उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. १८३६ साली त्यांना लष्कराच्या पहाऱ्यात अलाबामातून हुसकून मिसिसिपी नदीच्या पलीकडे नेले. तेथे त्यांनी जमीन सामाईक ठेवली. १८९८चा कायदा आणि १९०१चा करार यांनी ती सामाईक मालकी मोडून माणशी १६० एकरांचे वाटप केले. मालकी तर मिळाली; पण विक्रीवरील निर्बंध १९०८ साली मोठ्या प्रमाणात उठविण्यात आले, आणि त्याच सुमारास त्या भूमीत तेल सापडलेले होते. एका पिढीत बहुतेक जमीन सट्टेबाजांच्या हाती गेली. चिट्टो हारजो या नेत्याने वाटपाला केलेला विरोध बळाने मोडण्यात आला. २०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीक प्रदेशाची सीमा कायद्याने कधीच पुसली गेली नव्हती, असा निर्णय दिला. तरी विकली गेलेली शेते त्या निर्णयाने परत आली नाहीत.

थारूंना कागद मिळाला नाही म्हणून जमीन गेली. क्रीकांना कागद मिळाला, परंतु संरक्षण काढून घेतले म्हणून गेली. ढूंढाडच्या मीणाला कागद, संरक्षण आणि पाणी तिन्ही मिळाले. भिल्लाला तिन्ही अपुरे मिळाले. तुलनेचा निष्कर्ष एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

आरक्षणाचा वाद आणि आपली भूमिका

हा निष्कर्ष आज महत्त्वाचा का? कारण सत्ताधारी वर्ग या फरकाचा उपयोग कष्टकऱ्यांना झुंजविण्यासाठी करतो. २००७ साली गुर्जरांनी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी केली. २९ मे रोजी दौसा जिल्ह्यात पाटोली येथे गोळीबार झाला, आणि पाहता पाहता एकाच शिवारातील गुर्जर आणि मीणा शेतकरी काठ्या घेऊन समोरासमोर आले. वीसहून अधिक माणसे त्या दिवसांत प्राणास मुकली. २०२० साली डुंगरपूरकडे शिक्षकभरतीतील रिकाम्या राहिलेल्या १,१६७ खुल्या जागा आदिवासी उमेदवारांतून भराव्यात, यासाठी तरुण महामार्गावर बसले. त्या आंदोलनातही बळी गेले. महाराष्ट्रात धनगर समाजाच्या मागणीवरून तीच कोंडी आहे. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या, पण असंतोष तसाच राहिला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. तेव्हापासून अनुसूचित जमातींतही तसेच करावे, अशी चर्चा आहे. कॉम्रेड्स, हा प्रश्न अवघड आहे म्हणून टाळता येणार नाही. सर्व आदिवासी एकसारखे आहेत असे म्हणत राहणे, म्हणजे मागे राहिलेल्या भिल्लाला, सहरियाला, कातकऱ्याला आणखी थांबावयास सांगणे होय. कातकऱ्यांचे नाव मुद्दाम घेतो. कात पाडण्याच्या धंद्यासाठी महाराष्ट्रातून आणलेले हे लोक उदयपूरच्या जंगलात कथोडी या नावाने आजही राहतात, आणि दोन्ही राज्यांत ते शेवटच्या पायरीवर आहेत.

मागे राहिलेल्यांना राखीव जागांत अग्रक्रम मिळावा, ही मागणी न्याय्य आहे. परंतु तिच्यासाठी तीन पथ्ये पाळली पाहिजेत. केवळ जमातीच्या नावावर विभागणी केल्यास डोंगरातील गरीब मीणा दौशाच्या अधिकाऱ्याच्या रांगेत ढकलला जाईल. म्हणून प्रदेश, जमीन आणि घरातील शिक्षण ही कसोटी हवी. राखीव जागा उमेदवार नाही या सबबीवर खुल्या होता कामा नयेत. आणि कंत्राटीकरणाने एकूण नोकऱ्याच आटत असताना तेवढ्याच भाकरीचे तुकडे मोजण्यात आपली शक्ती खर्च होऊ देता कामा नये. वनजमिनीचा दावा, पाण्याची सोय, स्थलांतरितांच्या मुलांसाठी वसतिगृह, उचल घेणाऱ्या मजुराची नोंद, या मागण्यांवर भिल्ल आणि गरीब मीणा एकत्र उभा राहू शकतो. गुर्जर पशुपालकही राहू शकतो.

आपण येथून आपापल्या राज्यांत परत जाल तेव्हा एक काम करा. आपल्या भागातील दोन जमाती घ्या. वारली आणि कातकरी घ्या, महादेव कोळी आणि ठाकर घ्या, गोंड आणि कोलाम घ्या. कोण पुढारलेला आणि कोण मागासलेला, हे विचारू नका. कुटुंबाकडे जमीन किती, उतारा कोणाच्या नावे, पाणी कोठून येते, शाळा किती लांब, घरातील कोण कामासाठी बाहेर गेले आणि उचल कोणाकडून घेतली, एवढे विचारा आणि लिहून काढा. ही नोंद हाती असेल तर दोन गावांना झुंजविणाऱ्याला गावकऱ्यांसमोर उत्तर देता येते, आणि पुढची मागणी कोणती करावयाची तेही गावकरीच सांगतात.