चित्र ऐकणाऱ्यांसाठी

वेबसाइटवर चित्र चढवताना त्याच्यासोबत पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहिता येतो. पडद्यावर तो सहसा दिसत नाही. पण अंध माणसाच्या मोबाइलवरचा स्क्रीन रीडर चित्रापाशी आला की तोच मजकूर मोठ्याने वाचतो. मजकूर नसेल तर नुसतं ‘ग्राफिक’ ऐकू येतं, नाहीतर फाइलचं नाव: ‘आयएमजी अंडरस्कोर शून्य शून्य चार सात’.

काय लिहायचं हे ठरवताना आधी विचारावं, हे चित्र इथे कशासाठी आहे? एकाच डागाळलेल्या हापूसचा फोटो घ्या. करपा रोगाची माहिती देणाऱ्या पानावर ‘आंबा’ लिहून शेतकऱ्याच्या हाती काय लागणार? तिथे ‘देठापासून पसरत गेलेले काळे, खोलगट डाग’ असं हवं. तोच फोटो आंबे परत करण्याच्या नियमांशेजारी असेल, तर ‘असा डागी आंबा बदलून मिळेल’ हे महत्त्वाचं. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं समालोचन ज्यांनी रेडिओवर ऐकलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. चेंडू कुठे गेला ते आधी, मैदानाची शोभा सवडीने.

शोधण्याच्या बटणावर भिंग असतं. तिथे ‘शोधा’ लिहावं. निव्वळ शोभेच्या वेलबुट्टीला ऑल्ट द्यावा, पण रिकामा, म्हणजे स्क्रीन रीडर न थांबता पुढे सरकतो.

मला खरा राग येतो तो सूचनांच्या फोटोंचा. पाणीपुरवठा बंद राहणार असतो. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून तो साइटवर टाकतात आणि ऑल्टमध्ये लिहितात, ‘सूचना’. कुठल्या प्रभागात, किती वाजल्यापासून, टँकर कुठे येणार, काही कळत नाही. अंध बाईलाही घरात पाणी भरून ठेवायचं असतंच ना! वेब सुलभतेच्या 1999 सालच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत चित्राला पर्यायी मजकूर देणं हीच पहिली सूचना होती. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशी द्यायला सांगतो. तेव्हा यात कुणी कुणावर मेहेरबानी करत नाही.

एवढी मोठी सूचना ऑल्टमध्ये मात्र कोंबू नये. ती पानावरच टाइप करावी, म्हणजे अक्षरं मोठी करून वाचणाऱ्या आजोबांचीही सोय होते. मग फोटोच्या ऑल्टमध्ये ‘पाणीपुरवठा बंदची सूचना, पूर्ण मजकूर खाली’ एवढं पुरतं.