घरचा संगणक बिघडला असता



१९७६ साली वसू लागलेल्या या नोएडानगरीत आपण मराठी माणसे पोटापाण्यासाठी आलो आणि येथेच रुजलो. गावाकडचा जो ठेवा पूर्वी पेटीत असे, तो हल्ली घरच्या संगणकात असतो: आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, मुंजीची छायाचित्रे, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब, आपण बसविलेल्या नाटकांच्या संहिता. यंत्र नवे आणता येते. हा ठेवा बाजारात मिळत नाही. म्हणूनच हा विषय आम्ही आपणांपुढे मांडीत आहो.

फाइल बिघडते म्हणजे काय होते? संगणक मजकूर हार्ड डिस्कवर लिहितो आणि तो कोठे ठेवला याची नोंद एका सूचीत करतो. जूनच्या उन्हाळ्यात हे लेखन चालू असतानाच वीज गेली, तर मजकूर अपुरा राहतो किंवा सूचीशी त्याचा मेळ बसत नाही. पंख्यांसाठी बसविलेल्या इन्व्हर्टरला वीज बदलण्यास लागणारा क्षणही मेजावरील संगणकास भारी पडू शकतो. त्यास स्वतंत्र यूपीएस हवा.

उपचाराचा पहिला नियम असा: आधी प्रत, मग दुरुस्ती. दुरुस्तीची साधने त्याच डिस्कवर फेरफार करतात. त्यांत उरलेसुरलेही जाण्याचा संभव असतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर प्रयोग न करता संगणक बंद करावा व जाणकाराकडे न्यावा.

दुसरा नियम: रोगाचे मूळ शोधावे. एकच प्रोग्राम हट्ट करीत असेल, तर तेवढाच काढून पुन्हा बसवावा. परंतु अनेक प्रोग्राम एकदम बिघडले, तर दोष बहुधा डिस्क, मेमरी, विषाणू अथवा मूळ प्रणाली यांपैकी कोठेतरी असतो. विंडोजमधील 'चेक डिस्क' डिस्कवरील सूची तपासते, तर 'सिस्टिम फाइल चेकर' प्रणालीच्या फायली तपासून शक्य त्या पूर्ववत करतो.

तिसरी गोष्ट खास आपली, मराठी माणसांची. जुनी मराठी फाइल उघडताच रोमन अक्षरांची गिचमीड दिसते आणि आपण ती बिघडली म्हणून पुसून टाकतो. थांबावे! जुन्या फॉन्टांत देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. फॉन्ट नसला की मागची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. देवनागरीसाठी १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही तिला स्थान मिळाले; तरी जुने फॉन्ट पुढे अनेक वर्षे चालू राहिले. अशा फाइलीस मूळ फॉन्ट मिळवून द्यावा व परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. ती रुग्ण नव्हेच. तिची लिपी आपण विसरलो आहो.

शेवटी एकच विनंती. प्रत्येक ठेव्याच्या दोन प्रती निराळ्या असाव्यात: एक घरात, दुसरी गावी भावंडांकडे. प्रत केली म्हणून निर्धास्त होऊ नये. वर्षातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. दिवाळीच्या साफसफाईत एवढे एक काम वाढविले, तरी पुढच्या पिढीस आजोबांचा आवाज ऐकू येईल.