तिसरी तार



आपल्या देशात गोदरेजने १९५८ साली फ्रीज बनवायला घेतले. तसले जुने, दणकट फ्रीज अजून कुठे कुठे चालतात. पण वायर म्हातारी होते. रबर तडकते, उंदीर कुरतडतात. उघडी तार पत्र्याला टेकली, की सगळ्या पत्र्यात वीज उतरते. लेकराने ओल्या हाताने दार धरले, की घात!

म्हणून वायर बदला. चिकटपट्टीचा जोड नको. अखंड, तीन तारांची, जुनीएवढीच जाड वायर घ्या. काम जाणत्या वायरमनकडून करवा. आधी प्लग बाहेर काढायचा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

जुन्या वायरीत लाल तार विजेची, काळी परतीची, हिरवी अर्थिंगची. नव्या वायरीत याच तारा तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी असतात. अर्थिंगची तार एकीकडे फ्रीजच्या पत्र्याला आवळायची, दुसरीकडे प्लगच्या सर्वांत जाड पिनेला. एवढे आपण उभे राहून बघावे.

कुणी म्हणेल, "दोन तारांवर फ्रीज चालतोच की!" चालतो खरा. पण आपल्या एकलहऱ्याची वीज घरात येते ती २३० व्होल्टची. पत्र्यात उतरलेली वीज तिसरी तार जमिनीत नेते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. मात्र घराचे अर्थिंग धड हवे. तेही तपासून घ्या.

दोन तारा फ्रीज चालवतात. तिसरी घर राखते.