शिडाच्या जहाजांची युद्धे : वाचन कोठून सुरू करावे?



आरमारी युद्धावरचा इंग्रजी ग्रंथ विद्यार्थी हौसेने उघडतो. दोन पानांतच दोरखंडांची व शिडांची पन्नास नावे येतात आणि ग्रंथ मिटतो. म्हणून माझे म्हणणे असे की, आधी वारा समजून घ्यावा. शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावे लागते. त्यामुळे ज्याच्या पाठीशी वारा, तोच लढाईची वेळ ठरवी. तोफा जहाजाच्या दोन्ही बाजूंना असत, म्हणून युरोपातील आरमारे एकामागे एक अशी रांग धरून लढत. १८०५ साली ट्रफाल्गारला नेल्सनने २७ जहाजांनिशी ३३ जहाजांची रांग फोडली. पण जवळ पोहोचेपर्यंत त्याच्या जहाजांना समोरचा मारा मुकाट्याने सोसावा लागला.

आपल्या किनाऱ्यावरची रीत निराळी. गुराब म्हणजे अरबीत कावळा. तिचा तळ उथळ, तोफा नाळेवरही. सोबतच्या गलबतांना वल्ही. वारा पडला की मोठे जहाज अडके आणि ही गलबते पिछाडीने येत. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार दौलतखान होता. समोर इंग्रज, आणि पुढे त्यांना जंजिऱ्याचा सिद्दी येऊन मिळाला. इतिहास धर्माच्या दोन रकान्यांत बसवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे!

१८२७ ची नवारिनोची लढाई मात्र सावकाश वाचावी. केवळ शिडांच्या जहाजांची ही शेवटची मोठी लढाई. तुर्की-मिसरी आरमाराकडे जहाजे जास्त, तोफाही जास्त. पण मोठी लढाऊ जहाजे थोडी आणि गोलंदाज कच्चे. आरमार जवळजवळ नष्ट झाले. आणि ब्रिटिश सेनापतीचे 'एशिया' हे ८४ तोफांचे जहाज कोठले? मुंबईच्या गोदीत बांधलेले.

पुस्तकांत प्रथम पणिक्करांचे 'इंडिया अँड द इंडियन ओशन' घ्यावे, नंतर सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ. महनचा १८९० चा प्रसिद्ध ग्रंथ शेवटी; तो ब्रिटनच्या सामर्थ्याने फार भारलेला आहे.

पालकांना एक विनंती. ज्या घरात कोणी तांडेल किंवा सारंग होऊन गेले, तेथे परभाण, दामण, डोलकाठी हे शब्द अजून एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी असतील. मचव्यांना इंजिने बसून बराच काळ लोटला. मुलांना वही देऊन त्यांच्याजवळ बसवा, याच सुट्टीत.