देवळाच्या आवाराची भिंत
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



श्रींच्या कृपेने देवळाचे काम तडीस गेले. उरली होती आवाराची भिंत. रात्री कोणी चिरे ढकलावेत आणि आपण ते पुन्हा रचावेत, असे किती वर्षे चालायचे? वर काचा लावाव्यात अशी सूचना आली. मी विरोध केला. चढणारी पोरे आपलीच आहेत. देवाच्या दारी त्यांचे रक्त सांडू नये.

भिंत मोडते ती वरच्या सुट्या थरापासून. म्हणून शिल्लक पैसा उंचीवर न घालता तिथे घातला. जांभ्याचे जुनेच चिरे सांधे मोडून मातीत बांधले. वरचे दोन थर व कोपरे तेवढे सिमेंटात घेऊन माथ्याला उतरता गिलावा केला. पावसाचे पाणी जायला तळाशी भोके ठेवली. जिथून सारे उडी मारीत, तिथे वाटच सोडली.

यापुढे चिरा हलला तर त्याच दिवशी बसवावा. एक पडलेला दिसला की दुसरा पाडायला हात धजतो. त्यासाठी एका पोत्याची किंमत मी आज समितीकडे ठेवतो. पोतेच ठेवले, तर पावसाळ्यात त्याचा दगड होईल!