पडीक कुणाला म्हणता?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मृग बरसला की आपण सरकी टोबायला लागतो आणि सरकार खड्डे मोजायला लागते. आज या खड्ड्यांबद्दल बोलायचे आहे.

2016 चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षी 1 जुलैला राज्यात 2 कोटी झाडे लावण्याचा कार्यक्रम झाला. मग 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी, असे तीन वर्षांत 50 कोटींचे उद्दिष्ट ठरले. किती जगली यावर एवढा वाद झाला की 2021 मध्ये विधिमंडळाच्या समितीकडून चौकशीची घोषणा करावी लागली. जगलेल्या रोपांची मोजदाद त्यांनी करावी. आम्ही विचारतो ते वेगळेच: खड्डे कुणाच्या जमिनीत खणले, आणि कुणाला विचारून?

काळ्या रानात कुणी खड्डे खणत नाही. ते खणतात मुरमाड माळावर, गायरानावर. कागदावर ती जमीन 'पडीक' असते. वनधोरण सांगते, देशाची एक तृतीयांश जमीन झाडांखाली हवी. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. म्हणजे मराठवाडा नापास! वर आरोप असा की शेतकऱ्याने झाडे तोडली म्हणून पाऊस गेला.

अहो, पाऊस सह्याद्री अडवतो. आपण त्याच्या पलीकडच्या पर्जन्यछायेत आहोत. कन्नडकडे गौताळ्याला जंगल आहे, ते राखलेच पाहिजे. पण गंगापूर-वैजापूरचा माळ म्हणजे तोडलेला गौताळा नव्हे. आशीष नेरलेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी साहित्य चाळले आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातल्या रानवनस्पतींचे उल्लेख काढले. 2025 मध्ये ते प्रसिद्ध झाले. 44 जातींपैकी जवळजवळ दोन तृतीयांश निघाल्या उघड्या गवताळ रानातल्या. म्हणजे तिथे साडेसातशे वर्षांपूर्वीही माळच होता. आपला माळ त्याच दख्खनचा.

माळाला पीक आहे. पवन्या, मारवेल, कुसळी हे त्याचे पीक. त्यावर गाय जगते, शेळी जगते, धनगराचा कळप जगतो. पूर्वी घरची ज्वारी होती, कडब्याची गंजी होती. ज्वारी हटली आणि कपाशी आली. कपाशीच्या पऱ्हाटीवर बैल पोसत नाही. म्हणजे गवताची गरज आज जास्त आहे, आणि आजच गायरानाला कुंपण घालून चराई बंद होते. रोपे उन्हाळ्यात वाळतात. कुंपण मात्र राहते. मग बाजारात शेळी विकायला कोण उभे राहते? जिच्या नावावर एक गुंठाही नाही ती बाई.

कर्नाटकात असेच झाले. 1980 च्या दशकात तिथल्या सरकारने एका खासगी कारखान्याबरोबर कंपनी काढली आणि गावांची सुमारे 30 हजार हेक्टर सामायिक जमीन निलगिरीसाठी द्यायचे ठरवले. लगद्याला निलगिरी उत्तम, पण जनावर तिला तोंड लावत नाही. 14 नोव्हेंबर 1987 रोजी धारवाड जिल्ह्यातल्या कुसनूर गावी लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी आपल्या उपयोगाची झाडे लावली. 'उपटा आणि लावा' असेच त्या सत्याग्रहाचे नाव होते. 1991 मध्ये कंपनी गुंडाळावी लागली.

नवे सोंग आले आहे. 2023 पासून केंद्राची 'ग्रीन क्रेडिट' योजना आहे. वनखात्याच्या उजाड, झुडपी जमिनीवर लागवडीला पैसा द्या आणि पत मिळवा. 2024 च्या नियमात हेक्टरी किमान 1100 झाडांची अट होती. गवताळ माळावर हेक्टरी 1100 झाडे दाटली तर खाली गवत उरेल का?

आता उलट बाजू पाहा. शेतकरी स्वतःच्या बांधावर झाड लावतो तेव्हा काय होते? 1964 च्या वृक्षतोड कायद्याने साग, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लावायचे आपण, राखायचे आपण, आणि लेकीच्या लग्नाला तोडायचे तर अर्ज करायचा साहेबाकडे. अशाने बांधावर कोण झाड राखील?

आमचेही चुकले, ते कबूल करू. गायराने आपणच बोडकी केली. गावातल्या बड्यांनी बांध सरकवून ती गिळली, आणि नोटिसा आल्या त्या पोटासाठी दोन एकर कसणाऱ्या भूमिहीनाला. यावर उपाय गावाकडेच आहे. हिवरे बाजारने 1990 नंतर आपल्या निर्णयाने मोकाट चराई बंद केली आणि विळ्याने गवत कापून नेले. बंदी तिथेही होती, पण ती गावाने घातली होती.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गायरानात एकही खड्डा नको. माळाला 'पडीक' म्हणू नका, कुरण म्हणा, आणि लावायचेच असेल तर आधी गवत लावा. शेतकऱ्याने लावलेले झाड हे त्याचे पीक माना. ते कधी तोडायचे हे त्यालाच ठरवू द्या.

गावी गेल्यावर एवढे करा. तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढा आणि क्षेत्र जागेवर जाऊन मोजा. महसूल संहितेच्या कलम 22 प्रमाणे गुरचरणासाठी नेमून दिलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला लावता येत नाही. ती मंजुरी कुठे आहे, ते विचारा. आणि पुढच्या जुलैत टिकाव-फावडे घेऊन साहेब आले तर त्यांना पाणी द्या, सावलीला बसवा आणि सांगा: साहेब, या जमिनीला मालक आहे. आधी ग्रामसभेत या.