एक नोंद, दोन ठिकाणी
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ हरवली, तर मुलाची जन्मतारीख सिद्ध करण्यासाठी पालकांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. या नोंदी संगणकावर नेताना त्या कोठे ठेवाव्यात, हा प्रश्न म्हणूनच आपणा सर्वांचा आहे.

स्वतःचा सर्व्हर शाळेत ठेवला, तर इंटरनेट बंद असतानाही दाखला निघतो; पण वीज, दुरुस्ती आणि आगीपासून रक्षण हे सारे आपल्याच शिरावर येते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या केंद्रात भाड्याने घेतलेली जागा. देखभाल ते करतात. मात्र भाडे थकले वा जोडणी तुटली की काम अडते.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि कागदी फायलींचे ढीग जळाले. परंतु संगणक आला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी संगणक केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला आणि कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. ती सरकारच्या क्लाउडवरच होती. पण दुसऱ्या ठिकाणी तिची प्रत नव्हती.

तेव्हा एक प्रत शाळेत आणि दुसरी सोलापूरबाहेरच्या केंद्रात असावी. दर सहामाहीला त्या दुसऱ्या प्रतीवरून एक दाखला काढून पाहावा. पालकांनीही सभेत विचारावे, "दुसरी प्रत कोठे आहे, आणि ती शेवटची कधी उघडली?"